टील सायडिंगवरची चाळीस मिनिटं

डुलूथ, मिनेसोटा
११ जानेवारी

प्रिय रॅग्ना,

तुझं पत्र पोचलं. चार वर्षांनी बहिणीचं अक्षर पाहिलं. पहिल्यापेक्षा बरंच पुढे झुकलंय. ताशी तीनशे किलोमीटरच्या गाड्या सांभाळण्याचा परिणाम असावा. माझं अक्षर तसंच आहे, उभं आणि थांबलेलं.

बाबांच्या दफनाच्या दिवशी आपण दोघं मिळून अकरा वाक्यं बोललो. मी मोजली होती. त्यातली पाच कॉफीबद्दल होती. त्यामुळे तू पत्रात ‘मे महिन्यात फ्रान्सला ये, लिऑनला माझ्याकडे राहा, आता आपण दोघंच उरलो’ असं लिहिशील हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कॉलेजात मी जे संस्कृत शिकलो, आणि ज्यावरून तू मला आजतागायत पंडित म्हणतेस, त्या भाषेत नेमक्या दोघांसाठी एक वेगळं वचन असतं. एकही नाही, अनेकही नाही. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. उपयोग आता कळतोय.

मला यायचंय. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे काहीही लिहिलं तरी एवढं खरं राहील.

तू खाली एक ओळ जोडली आहेस. ‘त्या दिवशी टीलला माझी गाडी ज्याने सायडिंगला, त्या बाजूच्या रुळावर, घातली तो कंट्रोलर तुझ्याच ऑफिसात बसतो. नाव सांग. मी त्याच्याशी भांडणार नाही. मीही तीच नोकरी करते. मला फक्त विचारायचंय की तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललं होतं.’

नावाचं बघतो. इथे बत्तीस टेबलं आहेत, तीन पाळ्या आहेत, आणि जुने कागद काढायला अर्ज करावा लागतो.

बाबांचं ओस्बीचं घर अजून विकलेलं नाही. शेजारच्या व्हर्नामावशी रोज जाऊन नळ गोठलाय का बघतात. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना रिकामं घरसुद्धा उपाशी वाटतं. जाताना काहीतरी डब्यात घेऊन जातात आणि स्वतःच खाऊन येतात. बाबांच्या उशाशी असायचा तो रेडिओ अजून तिथेच आहे. रुळांवरचं सगळं बोलणं ऐकवणारा. मावशी तो बंद करत नाहीत. म्हणतात, घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं.

तुझा,
हालवर


डुलूथ
२ फेब्रुवारी

प्रिय रॅग्ना,

उत्तर दोन पानी आणि संतप्त आहे. वाचताना आईची आठवण झाली. ती अशीच मुद्देसूद रागवायची.

तू लिहितेस की तुमच्याकडे प्रवासी गाडी पाच मिनिटं थांबली तर डब्यात घोषणा होते, पंधरा मिनिटं थांबली तर क्षमा मागतात आणि त्याहून अधिक थांबली तर तुझ्या टेबलावर तीन फोन वाजतात. ‘आणि तुमच्याकडे? चार तास पंचवीस मिनिटं मी त्या बर्फात बसले होते, पंडित. खिडकीतून काय दिसत होतं सांगू? काटेरी तार. एक गाय. गार्डाला विचारलं तर म्हणाला, बाई, मालगाडी पुढे आहे ना. असा म्हणाला जसं काही राजाची स्वारी जातेय!’

गार्डाची बाजू मी घेतो, कारण तो बिचारा निवृत्तीला आला असणार. इथली वस्तुस्थिती तशीच आहे. रूळ मालगाड्यांच्या मालकांचे. प्रवासी गाडी पाहुणी. कायद्याने पाहुण्याला पहिला मान, पण कायदा लांबीचा विचार करत नाही. त्या दिवशीच्या मालगाडीला दोनशे बारा डबे होते, पाच किलोमीटरची होती. टीलची सायडिंग पावणेतीन किलोमीटर. जी गाडी सायडिंगमध्ये मावतच नाही ती बाजूला कशी घेणार? म्हणून जी मावते ती बाजूला जाते. दहा डब्यांची, माणसांची. लहान असण्याची शिक्षा म्हण.

तुमच्याकडे मालगाड्या पाऊण किलोमीटरच्या, त्यांना कोपऱ्यात उभं करता येतं. पण तुमचा निम्म्याहून जास्त माल ट्रकांत बसून तुमच्याच रस्त्यांवर खोळंबलेला असतो हे सोयीस्करपणे विसरतेस. आमची एक गाडी, दोन माणसं, आणि रस्त्यावरचे तीनेकशे ट्रक कमी. मक्याला आणि कोळशाला घाई नसते, तरी आम्ही त्यांना वेळेवर पोचवतो. माणसांना घाई असते, म्हणून त्यांना विमान आहे. तू विमानाने आली असतीस, पण वादळात विमानतळ बंद होता, हा काही रेल्वेचा दोष नाही.

हे सगळं खरं आहे. तू पडताळून पाहा, एकही आकडा चुकलेला नाही. मी हे पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझंच म्हणणं मला पटलं.

बाबांना मात्र हे कधीच पटलं नाही, हेही लिहायला हवं. त्यांनी प्रवासी गाडी चालवली ती त्या काळात, जेव्हा मालगाडीचा ड्रायव्हर टोपी काढून सायडिंगला उभा राहायचा. म्हातारपणी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे राहून प्रत्येक गाडी तपासायचे, आठवतं? चाकं, ब्रेक, एखादा डबा धुरकटतोय का, काही लोंबतंय का. ज्याच्यासमोरून गाडी जाते त्याने ती पाहायची आणि सगळं ठीक असेल तर हात वर धरायचा, हा रुळांवरचा शिरस्ता. ते निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी हात वर करायचे. ड्रायव्हर लोक एक छोटी शिट्टी देऊन जायचे. नोकरीत होते तेव्हाही सुटीच्या दिवशी हेच. तू सहा वर्षांची असताना विचारलं होतंस, ‘बाबा, तुम्ही कुणाला टाटा करता?’ ते म्हणाले, ‘टाटा नाही गं. मी सांगतोय की तुझी गाडी मी पाहिली, काळजी करू नकोस.’

नावाचा अर्ज अजून दिलेला नाही. पुढच्या आठवड्यात घर आवरायला ओस्बीला जातोय.

हालवर


ओस्बी, मोंटाना
२७ फेब्रुवारी

रॅग्ना,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन विनोदी झाली होती.

अर्ज देण्याची गरज नाही. त्या दिवशी त्या टेबलावर मी होतो.

हे वाचून तू पत्र खाली ठेवलंस तरी चालेल. पण उरलेलंही तुझंच आहे, म्हणून लिहितो.

दफनानंतर अंगणात तू विचारलं होतंस, ‘तू सकाळीच निघालेला होतास ना?’ आणि मी मान हलवली. वाटेत बर्फात अडकलो असं सांगितलं. खोटं होतं ते. बाबांना अजून आठवडा आहे असं डॉक्टर म्हणाले होते, मी शुक्रवारी निघणार होतो, त्या दिवशी बुधवार होता. सात ते तीन माझी पाळी होती. तीनला टेबल दुसऱ्याच्या हवाली केलं, तू अजून टीललाच अडकलेली, मला शुक्रवारची वाट बघवेना, म्हणून गाडी काढली आणि चौदा तास चालवत आलो.

आता मुख्य गोष्ट. मालगाडी टीलच्या सायडिंगमध्ये मावत नव्हती हे मी तुला लिहिलं. ते खरं आहे. पण ओस्बीच्या पश्चिमेला पन्नास किलोमीटरवर गिल्बीचं यार्ड आहे, आणि तिथे ती मावत होती. मी तिला गिल्बीला तासभर थांबवू शकत होतो. तुझी गाडी दोनला पाच कमी असताना ओस्बीत लागली असती. मला वरच्या साहेबाला एका वाक्याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं असतं. अशी वाक्यं मी दर आठवड्याला देतो.

मी नाही थांबवली. आणि का नाही थांबवली, हेच तू विचारलं होतंस.

तू त्या गाडीत आहेस हे मला माहीत होतं. मावशींनी सकाळी फोन करून सांगितलं होतं, ‘तुझी बहीण येतेय बरं का, दुपारच्या गाडीने. म्हाताऱ्याने दाढी करून घेतली माझ्याकडून.’ आणि मला, रॅग्ना, बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण आठवलं. तू लेफ्सेच्या पोळीवर लोणी लावत सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, ‘आमचा पंडित माणसांना थांबवून मक्याला पुढे पाठवतो. त्याचाच पगार घेतो.’ सगळे हसले. बाबाही हसले. आणि मी म्हणालो होतो, ‘आई गेली तेव्हा कुठे अडकली होती तुझी तीनशे किलोमीटरची गाडी?’

त्यानंतर कुणी हसलं नाही. त्यानंतर तू चार वर्षं लिहिलं नाहीस. वाक्य माझं होतं, आणि ते मी थट्टेच्या सुरात म्हटलं होतं, म्हणून मला वाटत राहिलं की राग तुझ्याकडूनच जास्त झाला.

तर बुधवारी दुपारी समोरच्या पडद्यावर तुझी गाडी पूर्वेकडून येत होती, मालगाडी पश्चिमेकडून. मला वाटलं, बसू दे हिला चाळीस मिनिटं टीलला. बघू दे आपला देश. मग घरी भेटू तेव्हा ती चिडेल, मी तिला चिडवेन, आणि त्यातून तरी बोलणं सुरू होईल. मी सूड घेत नव्हतो. मला खरंच ती एक थट्टा वाटली. असं लिहिताना मला माझीच शिसारी येतेय, पण तू विचारलं होतंस डोक्यात काय चाललं होतं, तर हे चाललं होतं.

तुझ्या गाडीच्या ड्रायव्हरने रेडिओवर विचारलं, ‘कंट्रोलर, टीलला बाजूला घेताय. काय बेत आहे?’

मी म्हणालो, ‘समोरून एक मोठी येतेय. ती गेली की तुम्ही.’

‘किती वेळ?’

‘चाळीस मिनिटं. तुमच्या डब्यात एक फ्रान्सची पाहुणी आहे. तिला जरा गाई बघू द्या.’

तो हसला. मीही हसलो.

मालगाडी ओस्बीवरून गेली, आणि टीलच्या पाच किलोमीटर अलीकडे तिचं डबे जोडणारं कपलिंग तुटलं. थंडीत लोखंड ठिसूळ होतं. गाडीत दोन माणसं. एकाने तीस-पस्तीस किलोचा लोखंडी सुटा भाग खांद्यावर घेऊन गुडघाभर बर्फातून तीन किलोमीटर मागे चालत जायचं, तुटलेली जागा शोधायची, बदलायचा, परत यायचं. एकेरी रूळ. टीलपर्यंतचा रस्ता बर्फाने बंद. तुला आणायला जीप पाठवायची सोय नाही. ओस्बी तुझ्यापासून चौदा किलोमीटरवर होतं.

बाबा चार चाळीसला गेले. तू सहा वीसला पोचलीस.

कपलिंग मी तोडलं नाही. इतके दिवस मी या एका वाक्याला धरून बसलो होतो. आज सकाळपर्यंत.

आज सकाळी मी आणि मावशी बाबांची खोली आवरत होतो. मी रेडिओची वायर काढली. मावशी म्हणाल्या, ‘तो मला दे. तू नको घेऊस.’

‘का?’

‘असंच.’

‘मावशी, असंच म्हणजे काय?’

त्या पलंगावर बसल्या. हातातली उशी सोडेनात. म्हणाल्या, ‘अरे शहाण्या, नऊशे मैलांवरून बोललास म्हणून काय तुझा आवाज ओळखू येत नाही होय? मी इथेच होते. तोही इथेच होता.’

मी विसरलो होतो. इतकी वर्षं त्या टेबलावर बसून मी विसरलो होतो की माझा आवाज रुळाकाठच्या प्रत्येक खांबावरून बाहेर पडतो. बाबा निवृत्त झाल्यापासून दुपारी तो रेडिओ लावून बसायचे ते कशासाठी, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मावशी म्हणाल्या, ‘तुझी पाळी असली की आवाज वाढवायचा. मला म्हणायचा, पोरगा नीट बोलतो, घाई करत नाही.’

मी विचारलं, ‘त्या दिवशी काय म्हणाले?’

‘राहू दे आता.’

‘सांगा.’

‘गाईंचं ऐकलं, तेव्हा हसला नाही तो,’ मावशी म्हणाल्या. ‘रेडिओकडे वळला. हळूच म्हणाला, हालवर, आधी तिला येऊ दे रे. दोनदा म्हणाला. मी म्हटलं, अरे, त्याला नाही ऐकू जायचं. तर म्हणाला, माहीत आहे मला.’

तो रेडिओ फक्त ऐकवतो, रॅग्ना. त्याला बोलता येत नाही.

मग मालगाडी आली. मावशींनी त्यांना उशांना टेकवून बसवलं. पाच किलोमीटरची गाडी खिडकीसमोरून जायला सहा मिनिटं लागतात. तुझ्याआधी सोडलेली गाडी. त्यांनी ती पाहिली. शेवटच्या डब्यापर्यंत पाहिली. आणि हात वर धरला. मावशी म्हणाल्या, ‘मध्ये हात थरथरायला लागला तर मला म्हणाला, कोपराला आधार दे.’

मी तुझी क्षमा मागत नाही. क्षमा मागायला आधी समोरचं माणूस थोडंतरी जवळ असावं लागतं. मे महिन्याचं आमंत्रण तू परत घे. मी ते मनात धरणार नाही. फक्त नाव विचारलं होतंस, ते सांगितलं.

हालवर ब्रेक्के


डुलूथ
२४ एप्रिल

रॅग्ना,

आठ आठवड्यांनी तुझं पाकीट आलं. चहाच्या वेळी ऑफिसात उघडलं, हे चुकलंच. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, ‘काय हो महाशय, लॉटरी लागली का?’ मी म्हटलं, तिकीट तर आहे.

तुझ्या ओळी मी इथे उतरवून ठेवतो, म्हणजे तुला उद्या वाटलं की आपण असं लिहिलंच नव्हतं, तर पुरावा राहील.

‘तिकीट पाठवतेय. नऊ मे, पॅरिसच्या विमानतळावरून थेट लिऑनची गाडी, दोन वाजून चार मिनिटांनी पोचते. त्या दिवशी माझी ड्यूटी आहे. मी मागून घेतली. तुझी गाडी माझ्या टेबलावरून जाईल. ती वेळेवर पोचेल. स्टेशनवर मी नसेन. घरी थांबायचं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तू हॉटेल बघून ठेव. पण तुझी गाडी मी थांबवणार नाही. मी माझ्या टेबलावर कुणाचीच गाडी रागावून थांबवलेली नाही.’

खाली सही नाही. मी सही मानतोय.

येतो. हॉटेल बघितलं आहे. नदीजवळ आहे, स्वस्त आहे, आणि जाहिरातीत लिहिलंय की खिडकीतून रूळ दिसतात. लोक याची तक्रार करतात म्हणे.

हालवर


लिऑन स्टेशन, फलाट क्रमांक पाचवरचं बाक
९ मे

रॅग्ना,

तू पाच मैलांच्या आत कुठेतरी एका खोलीत पडद्यासमोर बसली आहेस. हे पत्र तुला उद्या मिळेल. तरी आत्ताच लिहितो.

गाडीत माझ्या शेजारी एक आजी होत्या, मांडीवर मांजराची टोपली. मी सारखा घड्याळ बघतोय हे पाहून म्हणाल्या, ‘पहिल्यांदा बसताय वाटतं?’ मी म्हटलं, ‘मी रेल्वेतच आहे. अमेरिकेत.’ त्या म्हणाल्या, ‘अय्या, तिकडे आहे का रेल्वे?’ तुझा बदला त्यांनी परस्पर घेतला.

शेतं अशी निघून जात होती की एकही गाय मला धड बघता आली नाही. मला तुझ्या त्या एका गायीची आठवण आली. चार तास पंचवीस मिनिटं. तेवढ्या वेळात तू तिच्या अंगावरचा प्रत्येक ठिपका पाहिला असशील.

लिऑन जवळ आलं, वेग उतरला, गाडी जुन्या रुळांशेजारून जायला लागली. तिथे बाजूला एक मालगाडी उभी होती. छोटीशीच, तीस-पस्तीस डबे, रेती भरलेली. इंजिनाच्या दारात ड्रायव्हर हाताची घडी घालून उभा होता. आम्ही जायची वाट बघत होता. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तोवर तो मागे गेला होता.

फलाटावर गाडी टेकली तेव्हा घड्याळात दोन वाजून चार मिनिटं झाली होती. काटा त्याच रेषेवर होता. मी उतरलो. माणसं माणसांना भेटली, आजींना नातवाने मिठी मारली, मांजर ओरडलं. दोन-तीन मिनिटांत फलाट रिकामा झाला. तू लिहिलं होतंस तसंच, तू नव्हतीस. तरी मी दोन्ही बाजूंना बघितलं. एकदा नाही, बरेचदा.

गाडी पुढे मार्सेलला जाणार होती. दारं लागली. मी बॅग खाली ठेवली आणि कडेपासून चार पावलं मागे उभा राहिलो, जसं बाबांनी आपल्याला शिकवलं होतं. खाली वाकून चाकं बघितली. ब्रेक बघितले. काही लोंबत नव्हतं, कुठे धूर नव्हता. आधी हळू, मग भराभर डबे समोरून गेले आणि मी हात वर धरला. एक हमाल थांबून बघत राहिला. त्याला वाटलं असेल, याची बाई गेली गाडीत. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत मी हात खाली घेतला नाही. बाबांना सहा मिनिटं धरावा लागला होता. मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

कुणी शिट्टी दिली नाही. इथे ती पद्धत नसेल.

तुला एवढंच कळवायचं होतं. तुझी गाडी मी पाहिली. दोष नाही.

हालवर